मेंदू, मणक्यातलं पाणी आणि आता रक्त

"डॉक्टर, आबा जेवून उठतात आणि पुन्हा ताट मागतात. रक्त तपासून कळेल का?" चिखली-मेहकरकडची मंडळी आता असं विचारतात. पूर्वी 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं की विषय संपायचा. 'अस्तु' चित्रपटातले डॉ. मोहन आगाशे यांचे संस्कृत पंडित तुम्ही पाहिले असतील, तर हे नुसतं म्हातारपण नाही हे वेगळं सांगायला नको.

या प्रश्नाचं उत्तर मिळायला शंभरहून जास्त वर्षं लागली. 1901 मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी 51 वर्षांची एक विसराळू बाई तपासली. पण आजाराच्या खुणा, म्हणजे मेंदूतल्या गाठी आणि गुंते, त्यांना दिसले ते 1906 मध्ये, ती गेल्यावर. पुढे कित्येक दशकं पक्कं निदान असंच, मरणानंतर!

मणक्यातलं पाणी काढण्याची रीत 1891 पासून होती. पण त्यात शोधायचं काय? 1984 मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अमायलॉइड हे प्रथिन वेगळं केलं. 1990 च्या दशकात ते या पाण्यात मोजू लागले, तर रुग्णांमध्ये ते चक्क कमी! कारण ते मेंदूतच चिकटून बसतं. टाऊ हे दुसरं प्रथिन मात्र वाढलेलं. "पाणी काढलं की माणूस लुळा पडतो" ही भीती आपल्याकडे अजून आहे. ती खरी नाही. सुई मज्जारज्जूच्या खाली टोचतात. डोकं मात्र काही दिवस दुखू शकतं.

रक्तात ही प्रथिनं इतकी थोडी की ती मोजणारी यंत्रंच उशिरा आली. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली, तीही 55 वर्षांपुढच्या, लक्षणं असलेल्यांसाठी. म्हणून धडधाकट माणसाने 'बघू तरी' म्हणून ती करू नये. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर टाऊचा आकडा उगाच वर जातो. अमायलॉइडचं दुखणं वेगळं: रक्त तसंच ठेवलं तर ते कमी भरतं. नमुना खामगावहून मोठ्या शहरात जाणार असेल, तर तो थंड ठेवून किती वेळात पोचतो हे आधी विचारा.

आबांचं बी-12 आणि थायरॉइड मात्र याच आठवड्यात तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे.