संत बेसचा खडक : लोकांचा रोजचा धर्म अभ्यासाचा विषय कसा झाला?

१/ धर्म शोधायचा कुठे? ग्रंथांत, की माणसांच्या रोजच्या वागण्यात? विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील विद्वानांचे उत्तर बहुधा ‘ग्रंथांत’ असेच होते. पोथीत नसलेल्या आचाराला ते सरसकट भोळसटपणा म्हणत. ही चाकोरी सोडून डोंगरावरच्या एका जत्रेकडे गांभीर्याने पाहणाऱ्या तरुण अभ्यासकाची ही हकिकत.

२/ रोबेर हर्ट्झ, जन्म १८८१. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचा शिष्य. ज्यू कुटुंबातला, विचाराने समाजवादी. मृत्यूच्या विधींवरील त्याचा निबंध १९०७ मध्ये आणि उजव्या हाताला मिळणाऱ्या मानावरील निबंध १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही आजही वाचले जातात. मात्र ज्या बोर्निओच्या आणि न्यूझीलंडच्या लोकांविषयी त्याने लिहिले, त्यांच्यापैकी कोणालाही तो भेटला नव्हता. सारे काम ग्रंथालयातले.

३/ १९१२ च्या उन्हाळ्यात तो इटलीच्या आल्प्स पर्वतातील कोन्य या गावी राहिला. तिथली माणसे दरवर्षी १० ऑगस्टच्या उत्सवासाठी उंच खिंड ओलांडून पलीकडच्या सोआना खोऱ्यात जात. सुमारे दोन हजार मीटर उंचीवर एक प्रचंड खडक, त्याला टेकून संत बेसचे छोटे प्रार्थनामंदिर. मूर्ती खांद्यावर घेऊन खडकाला प्रदक्षिणा, हा उत्सवाचा गाभा.

४/ भाविक त्या खडकाच्या कपच्या काढून घरी नेत. आजारपणात, संकटात ती कपची जवळ बाळगत. लढाईवर जाणारे जवान ती अंगावर वागवत. संताचे बळ दगडात उतरले आहे, आणि दगड सोबत असला की संतही सोबत असतो, अशी त्यांची श्रद्धा.

५/ हा बेस होता तरी कोण? इव्रेआ येथील धर्मपीठ सांगे, की तो ख्रिस्ती धर्मासाठी प्राण देणारा रोमन सैनिक होता. डोंगरातले लोक सांगत, तो साधा मेंढपाळ. त्याच्या धष्टपुष्ट मेंढ्या पाहून जळफळणाऱ्या इतर मेंढपाळांनी त्याला त्याच खडकावरून ढकलून दिले. एकाच संताची दोन चरित्रे.

६/ पोथीनिष्ठ अभ्यासकाने यातले एक खरे आणि दुसरे खोटे ठरवले असते. हर्ट्झने निराळा प्रश्न विचारला : कथा बदलते, मग टिकून काय राहते? त्याचे उत्तर : खडक, आणि दरवर्षी तिथे जमणारी माणसे. खडकाचे पावित्र्य बहुधा संतापेक्षाही जुने असावे, आणि दोन्ही चरित्रे त्याला नंतर जोडली गेली असावीत, असे त्याचे अनुमान होते.

७/ उत्सव पाच गावांचा. त्यांतली चार सोआना खोऱ्यातली, इव्रेआच्या धर्मप्रांतातली. कोन्य मात्र डोंगरापलीकडचे आणि ओस्ताच्या धर्मप्रांतातले. मूर्ती वाहण्याच्या मानावरून त्यांच्यात भांडणेही होत. तरीही खिंड ओलांडणे थांबले नाही. प्रशासनाच्या सीमांनी तोडलेले जुने नाते वर्षातून एक दिवस पुन्हा जोडले जाई. हे नाते कोणत्याही धर्मग्रंथात सापडले नसते. त्यासाठी मेंढपाळांशी बोलावे लागले.

८/ निबंध १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. खंदकातही हर्ट्झ सोबतच्या खेडवळ शिपायांच्या कथा आणि म्हणी टिपून पत्नी आलिसला पाठवत राहिला. १३ एप्रिल १९१५ रोजी मार्शेव्हील येथील हल्ल्यात तो मारला गेला. वय अवघे ३३. शिपायांकडून ऐकलेले ते धन १९१७ मध्ये छापले गेले.

९/ वाट मात्र बुजली नाही. १९३१ पासून गाब्रिएल ल ब्रा यांनी फ्रान्समध्ये कोण प्रार्थनेला जातो, कोण जात नाही, याची गावोगाव मोजदाद सुरू करवली. १९८५ मध्ये रॉबर्ट ऑर्सी यांनी न्यूयॉर्कच्या ११५ व्या रस्त्यावरील इटालियन स्थलांतरितांच्या मारियामातेच्या उत्सवावर ग्रंथ लिहिला. घरातली भांडणे, परदेशातले एकटेपण आणि नवस हे सारे त्यांनी एकत्र वाचले. ‘जगलेला धर्म’ हे आता अभ्यासाचे स्वतंत्र क्षेत्र आहे.

१०/ महाराष्ट्रातही हे काम झाले. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून शेंदूर फासलेल्या तांदळ्यांमागे जुने व्यापारी मार्ग आणि मेंढपाळांच्या वाटा शोधत होते; त्यांचा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ १९६२ मध्ये आला. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या. एकाच विठ्ठलाचे नाव घेणाऱ्या बायका जातीनुसार वेगळ्या पंगतींत जेवतात, हे पाहून झालेली वेदना त्यांनी लपवली नाही.

११/ म्हणून हा अभ्यास लोकाचाराचे कौतुक करण्यापुरता नाही. जी प्रथा माणसांना जोडते, तीच कधी त्यांच्यातली भिंतही जपते. दोन्ही दिसण्यासाठी आधी जवळ जावे लागते. हर्ट्झचा त्या खडकावर विश्वास नव्हता. पण कपची खिशात ठेवून युद्धावर निघालेल्या माणसाला हसण्यापूर्वी, तो ती का ठेवतो हे विचारण्याइतका आदर त्याच्यापाशी होता. (समाप्त)