रक्तातला एक आकडा

माझ्या धाकट्या भावाचं आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि घरातले सगळे आधी एकच ओळ शोधतात, सीईए. हा आकडा आला तरी कुठून, म्हणून मी थोडं वाचन केलं.

गोष्ट कॅनडातल्या माँट्रियलची. मॅकगिल विद्यापीठातले फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन कर्करोगाच्या गाठीत वेगळं काय असतं ते शोधत होते. एकाची गाठ आणि दुसऱ्याचं निरोगी आतडं ताडून पाहिलं, तर फरक रोगाचा की माणसामाणसांतला, हे कळत नाही. त्यांनी दोन्ही तुकडे एकाच रुग्णाच्या आतड्यातून घेतले. सशांच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांच्या मदतीने त्यांना गाठीत एक वेगळा पदार्थ सापडला. तोच गर्भाच्या आतड्यातही दिसला, म्हणून नाव पडलं कार्सिनो-एम्ब्रियॉनिक अँटिजेन. साल १९६५.

१९६९ मध्ये तो रक्तात मोजता आला, तेव्हा ३६ पैकी ३५ रुग्णांत सापडला. रक्ताच्या थेंबावरून कर्करोग कळणार, अशी आशा निर्माण झाली! पण पुढे दिसलं की सिगारेट ओढणाऱ्यांत आणि यकृताच्या आजारातही तो वाढतो. उलट सुरुवातीच्या गाठीत बरेचदा वाढतच नाही. १९८० मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने सांगितलं की निरोगी माणसांत रोग हुडकायला ही तपासणी वापरू नये, उपचारांनंतर लक्ष ठेवायला वापरावी.

ऑपरेशनपूर्वी आकडा चढा असेल तर पुढची वाट साधारणपणे अवघड असते, हे खरं. पण वेळीच कळल्याने आयुष्य वाढतं का? १९८२ पासून ब्रिटनमध्ये हेच तपासलं. आकडा वाढलेल्या २१६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. निम्म्यांच्या डॉक्टरांना ते कळवलं, म्हणजे पुन्हा पोट उघडून बघता यावं. उरलेल्यांच्या डॉक्टरांना नाही. कळवलेले रुग्ण जास्त जगले नाहीत. १९९३ मध्ये प्रयोग थांबला, आणि सविस्तर निष्कर्ष छापून आले थेट २०१४ मध्ये! मधली वीस वर्षं रुग्ण त्या आकड्याकडे बघतच राहिले.

आता स्कॅन आणि यकृतावरच्या शस्त्रक्रिया सुधारल्या आहेत, त्यामुळे तपासणी करावीच. पण मी आयुष्यभर मुलांना मार्क दिले. मार्कांवरून वर्गाचा अंदाज येतो, एकेका मुलाचं भविष्य नाही कळत. भावाला मी हेच सांगितलं. तो हसला, आणि रिपोर्ट न उघडताच चहा मागितला.