जोडासांकोच्या ठाकूर घराण्याचा व्यापार व कलाश्रय

जोडासांकोच्या ठाकूर घराण्याचा विचार बहुधा रवींद्रनाथांपासून सुरू होतो. त्यांचे आजोबा द्वारकानाथ यांच्या व्यापाराकडे कलेचे अभ्यासक क्वचितच वळतात. द्वारकानाथांनी १८३४ मध्ये विल्यम कार यांच्यासह ‘कार, टागोर आणि कंपनी’ स्थापन केली. नीळ, रेशीम, राणीगंजचा कोळसा आणि अफू यांत तिचे हितसंबंध होते. यांतील अफूचा उल्लेख गौरवग्रंथांत सहसा दबक्या आवाजात येतो. याच संपत्तीतून त्यांनी १८३५ मध्ये कर्जबाजारी झालेले कलकत्त्याचे चौरंगी थिएटर विकत घेतले. तेथील नाटके इंग्रजी होती. १८३९ मध्ये ते आगीत भस्मसात झाले.

१८४६ मध्ये द्वारकानाथ लंडनमध्ये निवर्तले आणि १८४८ च्या प्रारंभी कंपनी कोसळली. घराणे मात्र तगले, कारण १८४० च्या विश्वस्तपत्राने काही जमीनदाऱ्या आधीच धनकोंच्या आवाक्याबाहेर ठेवल्या होत्या. नातवंडांच्या पिढीने रंगभूमी विकत घेतली नाही, वाड्यातच उभारली. बहुपत्नीत्वाच्या प्रथेवर नाटक लिहवून घेण्यासाठी तिने पारितोषिक ठेवले. रामनारायण तर्करत्नांचे बंगाली ‘नवनाटक’ १८६७ मध्ये तेथे रंगले. या हौसेमागे आता व्यापारातील नफा नव्हता. रयतेने भरलेला खंड होता.