हिरड्यांचा रोग आणि विषाणूंवरील संशय

पायोरिया हा शब्द सुशिक्षित कुटुंबांत सर्वांच्या परिचयाचा आहे. हिरड्या सुजतात, रक्त येतें, पू वाहूं लागतो आणि शेवटीं न किडलेले दांतहि हलूं लागून पडतात. या रोगाचा अपराधी कोण, याचा शोध तीन शतकांहून अधिक काळ चालला आहे.

हॉलंडमधील डेल्फ्ट गांवीं लेव्हेनहूक नांवाचा कापडव्यापारी राहत असे. भिंगें घासण्याचा त्यास छंद होता. १६८३ सालीं त्यानें दांतांवरचा पांढरा मळ पाण्यांत कालवून भिंगाखालीं पाहिला, तों त्यांत सूक्ष्म जीव वळवळतांना दिसले. ही हकीकत त्यानें पत्रानें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली.

पुढें १८९० सालीं बर्लिन येथें मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें मुखांतील जंतूंवर मोठा ग्रंथ लिहिला. मग मात्र उत्साह विवेकास मागें टाकून धांवूं लागला. १९१० सालीं लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनीं मॉन्ट्रियल येथील व्याख्यानांत दांतांभोंवतींचा पू हा अनेक शरीररोगांचें मूळ ठरविला. त्यानंतर संधिवातासारख्या विकारांवर उपाय म्हणून असंख्य रोग्यांचे दांत उपटण्यांत आले; त्यांत निरोगी दांतहि गेले. घाईनें ठरविलेल्या कारणाची किंमत ही अशी रोग्यास द्यावी लागली.

विषाणूंची ओळख त्याच डेल्फ्टमध्यें पटली. जंतूंना अडविणाऱ्या गाळणींतूनहि तंबाखूच्या पानांच्या एका रोगाचें संसर्गद्रव्य पार होतें, हें रशियांत इव्हानोव्स्की यांनीं १८९२ सालीं दाखविलें होतें. १८९८ सालीं डेल्फ्टच्या बेयेरिंक यांनीं तें जंतूंहून निराळें असल्याचें सांगून त्यास व्हायरस म्हटलें.

कांजिण्या व नागीण ज्या विषाणुकुलामुळें होतात, त्याच कुलांतील कांहीं विषाणु १९९० नंतरच्या दशकांत लॉस एंजेलिसचे स्लॉट्स व काँत्रेरास यांना पायोरियाच्या खोल फटींत आढळले. हे विषाणु एकदां शरीरांत शिरले कीं जन्मभर सुप्त राहतात. ते जागे झाले म्हणजे हिरडीची प्रतिकारशक्ति दुबळी होते आणि जंतूंस रान मोकळें मिळतें, अशी त्यांची उपपत्ति.

परंतु शंका उरतेच. सुजलेल्या हिरडीकडे रक्तांतील पांढऱ्या पेशी धांवतात आणि हे विषाणु त्याच पेशींत दडलेले असतात. आग पाहण्यास जमलेल्या माणसास आग लावणारा कसें म्हणावें?

जंतूंविरुद्धचा पुरावा निराळ्या प्रतीचा होता. डेन्मार्कमध्यें १९६५ सालीं लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १२ निरोगी माणसांस दांत घासणें सोडावयास लावलें. तीन आठवड्यांच्या आंत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणें पुन्हां सुरू होतांच सूज ओसरली. विषाणूंस हटविल्यानें पायोरिया हटतो, असें अद्याप कोणीं निर्विवाद सिद्ध केलेलें नाहीं. तें होईपर्यंत विषाणु हा संशयितच मानणें न्यायाचें. आणि दांतांवरचा मळ रोज काढणें, हाच हिरड्यांच्या रक्षणाचा सिद्ध झालेला मार्ग होय.