स्वयंसेविका नावाची नोकरी

घोडबंदर रोडबद्दल लिहायचं म्हटलं की माणूस ट्रॅफिकपासून सुरुवात करतो. आज आपण जरा आतल्या रस्त्याला वळू. कापूरबावडीहून निघालात की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी नावं लागतात. नावं गावांची आणि पाड्यांची आहेत; टॉवर नंतर आले. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये उंच इमारती. आणि या सगळ्याच्या फटींमध्ये चाळी, आदिवासी पाडे, बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या.

माझ्या पीएचडीच्या निमित्ताने मी या फटींमध्ये फिरणाऱ्या बायकांच्या मागे फिरते आहे. त्या म्हणजे आशा. तुमच्या दारावरही कधीतरी सर्वेक्षणाचं रजिस्टर घेऊन येऊन गेल्या असतील. त्यातल्या एकीने मला विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाही. मुलाच्या शाळेचा फॉर्म भरायचा होता. आईचा व्यवसाय या रकान्यात काय लिहू, असं तिने विचारलं. नोकरी लिहावं तर नेमणुकीचं पत्र नाही. गृहिणी लिहावं तर सकाळपासून ती घरात नाही. मी संशोधक, माझ्याकडेही उत्तर नव्हतं. म्हणून मी इतिहासात गेले. तिथे जे सापडलं ते आज सांगते.

गोष्ट १९७७ पासून सुरू होते. त्या वर्षी २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एक योजना आणली: दर हजार लोकांमागे गावातलाच एक माणूस निवडायचा, त्याला तीन महिने शिकवायचं आणि महिन्याला ५० रुपये द्यायचे. त्याला नाव दिलं होतं समुदाय आरोग्य कार्यकर्ता. निवडले गेले ते बहुतेक पुरुषच. पण खरी गंमत पुढे आहे. १९८० च्या सुमारास हा 'कार्यकर्ता' कागदावर 'स्वयंसेवक' झाला आणि लगेच पुढे 'आरोग्य मार्गदर्शक'. काम बदललं नव्हतं. पण जो काम करतो तो उद्या पगार मागू शकतो, स्वयंसेवक कसा मागेल? पुढच्या चाळीस वर्षांचं भांडण या नावबदलात आधीच लिहून ठेवलं होतं, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण ती निव्वळ कंजूषपणाची नाही. त्या काळातल्या सार्वजनिक आरोग्याच्या जाणकारांना एक प्रामाणिक भीती होती. माणूस सरकारी नोकर झाला की तो वरच्या साहेबाकडे बघतो, गावाकडे नाही. तो गावाचाच राहायला हवा. आपल्या महाराष्ट्रात याचं जगाने दखल घेतलेलं उदाहरण होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. तिथे गावातल्या साध्या, पुष्कळदा निरक्षर आणि दलित बायका आरोग्यसेविका झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. आज आशा बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देते, त्यांचं मूळ तिथे आहे.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून आशा आली. निवडीचे निकष बघा. बाई त्याच गावात राहणारी हवी, आणि शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित. का? कारण लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी जाईल, सून इथेच राहील. २०१३ मध्ये शहरी अभियान मंजूर झालं आणि ठाण्यासारख्या शहरांतही २०० ते ५०० घरांमागे एक आशा हा हिशोब आला.

म्हणजे तिने 'आपलं' असावं ही अट होती, पण वस्तीचं आपलं. खात्याचं आपलं असण्याबद्दल कागदात एकच गोष्ट ठाम आहे: ती मानद स्वयंसेविका आहे आणि तिला मिळतो तो कामावर आधारित मोबदला.

हा मोबदला कसा चालतो ते एका उदाहरणाने सांगते. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशेने ४२ दिवसांत सहा वेळा घरी जायचं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. भेटीमागे साधारण ४२ रुपये पडले. पण ते भेटीगणिक मिळत नाहीत. बाळाचं वजन नोंदलेलं हवं, लस दिलेली हवी, जन्माची नोंदणी हवी, आणि मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवेत.

हा नियम आता घोडबंदर रोडवर आणून ठेवा. मजुराची बायको बाळंत झाली. दोन भेटी झाल्या आणि साइटवरचं काम संपलं, कुटुंब दुसरीकडे गेलं. किंवा पाड्यावरची पोरगी माहेरी गेली. किंवा बाळ विसाव्या दिवशी दगावलं. त्या घरात सर्वात जास्त वेळा जाऊन बसलेली, रात्री फोन उचललेली बाई आशाच असते. नियम तिचं काम मोजत नाही, निकाल मोजतो. पगारी कर्मचाऱ्याचा पगार रुग्ण दगावला म्हणून कापला जात नाही ना? शिवाय जिथे लोक स्थिर राहतात तिथे भेटी पूर्ण होतात, आणि जिथे गरज सर्वात जास्त तिथे तुटतात. समतेसाठी आखलेल्या योजनेत सर्वात अवघड वस्तीची आशा सर्वात कमी कमावते, ते असं.

मग कोविड आला. कोविडच्या कामासाठी केंद्राने महिन्याला १००० रुपये ठरवले, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. २२ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. जगाने आरोग्य क्षेत्रातल्या 'नेत्या' म्हटलेल्या बायका घरच्या कागदावर स्वयंसेविकाच राहिल्या.

त्याच्या महिनाभर आधी, २५ एप्रिल २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयात एक महत्त्वाचा निकाल लागला होता. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांचा खटला. 'मानधन' म्हणजे वेतन नव्हे, म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असा युक्तिवाद होता. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने तो मानला नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच, असं ठरलं. (न्या. ओक यांनी वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, हे जाता जाता.) निकाल अंगणवाडीचा आहे, आशांचा नाही. पण शब्द बदलून नातं बदलत नाही, हे तिथे नोंदलं गेलं. खरं तर २०१३ मध्येच ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, अशी शिफारस केली होती.

महाराष्ट्रातल्या आशा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेल्या. वाढीचं आश्वासन मिळालं, पण शासन निर्णय निघेना. म्हणून जानेवारीत पुन्हा संप, फेब्रुवारी २०२४ मध्ये आझाद मैदान. मार्चमध्ये दरमहा ५००० रुपयांची वाढ मंजूर झाली, नोव्हेंबर २०२३ पासून. ही लहान गोष्ट नाही. पण नीट बघा, वाढलं ते मानधन. पदाचं नाव तेच राहिलं.

इथे मला माझाच एक समज दुरुस्त करावा लागला. मी धरून चालले होते की प्रश्न फक्त पैशाचा आहे. पण जामखेडच्या बायकांनाही काही मोठे पगार नव्हते. त्यांच्याकडे दुसरं काहीतरी होतं: दर आठवड्याला केंद्रावर एकत्र येणं, जातीपाती बाजूला ठेवून सोबत जेवणं-राहणं, गावात काय दिसलं ते डॉक्टरांना सांगणं, आणि डॉक्टरांनी ते ऐकून घेणं. आजच्या आशेकडून माहिती वर जाते: रजिस्टर, ॲप, व्हॉट्सॲपवरचे फोटो. पण कुठल्या वस्तीत लसीकरण का अडलंय, यावर तुझं मत काय, असं तिला किती वेळा विचारलं जातं? बैठकीत तिला खुर्ची मिळते का? हक्काचा पैसा आणि हक्काची जागा या दोन वेगळ्या मागण्या आहेत. एक दिली म्हणून दुसरी फिटत नाही.

वस्तीची राहायची म्हणून खात्याची होता येणार नाही, ही अट कुणी घातली? शाळेतली बाई गावची असते आणि पगारीही असते. तिला कुणी परकी म्हणत नाही.

त्या फॉर्मचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही दोघींनी मिळून 'आरोग्य कर्मचारी' असं लिहिलं. शाळेने काही हरकत घेतली नाही. खात्याच्या कागदावर तोच शब्द यायला १९७७ पासूनची वर्षं पुरलेली नाहीत.