खुल्या खेळाची संहिता : 'अल्टिमा'पासून 'मॉरोविंड'पर्यंत

संगणकाच्या इतिहासात कालबाह्य होण्याचा वेग सर्वांत अधिक कशाचा असेल, तर तो खेळांचा. पाच-सात वर्षांत यंत्र बदलते, चित्र जुनाट दिसू लागते आणि कालचा खेळ आजच्या यंत्रावर मुळी चालतच नाही. असे असूनही 1985 ते 2002 या कालखंडात निर्माण झालेले काही भूमिकाप्रधान खेळ आजही खेळले जातात, त्यांच्या अर्थाविषयी वाद झडतात, आणि मूळ निर्मितिसंस्था बंद पडल्यानंतरही ते नव्या यंत्रांवर उतरवले जातात. भूमिकाप्रधान खेळात खेळणारा एका पात्राचे गुणावगुण ठरवतो व त्या पात्राच्या रूपाने एका कल्पित प्रदेशात वावरतो. त्यांपैकी ज्यांना 'खुले' म्हटले जाते, त्यांत कोठे जावे, कोणाशी बोलावे, मुख्य कथानक हाती घ्यावे की बाजूला सारावे, हे बऱ्याच अंशी त्याच्यावरच सोपवलेले असते.

या टिकाऊपणाचे सोपे स्पष्टीकरण म्हणजे स्मरणरंजन. ते अपुरे आहे. त्याच वर्षांत निघालेले बहुसंख्य खेळ त्याच पिढीने तितक्याच आवडीने खेळले आणि ते विस्मरणात गेले. दुसरे स्पष्टीकरण स्वातंत्र्याचे. ते अधिक गंभीरपणे घ्यावयास हवे. उम्बेर्तो एको यांनी 1962 साली 'खुली कलाकृती' ही संकल्पना मांडताना दोन प्रकारांत भेद केला होता. काही कृती अर्थाच्या पातळीवर खुल्या असतात. काही मात्र प्रत्यक्ष घडणीतच अपूर्ण असतात व सादर करणाऱ्याच्या हातून पूर्ण होतात. हे खेळ दुसऱ्या प्रकारात सहज बसतील असे वाटते. एस्पेन आर्सेथ यांनी 1997 साली 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात हाच धागा पुढे नेऊन, जेथे वाचकाला संहितेतून वाट काढण्यासाठी प्रत्यक्ष कृती करावी लागते अशा साहित्याचा स्वतंत्र विचार केला. परंतु वाट काढण्याची मुभा आहे एवढ्यावरून ती वाट काढावीशी का वाटावी, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी या खेळांच्या उगमाकडे जावे लागते. 1974 साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात एक सूत्रधार असे. खेळणाऱ्याने कोणतीही अनपेक्षित कृती केली, तरी तिचा परिणाम काय हे तो तत्क्षणी सांगू शकत असे. तो माणूस होता, ऐकत होता आणि लक्षात ठेवत होता. संगणकावर हा खेळ आणताना नेमका हा सूत्रधारच हरवला. पुढची पंचवीस-तीस वर्षे या प्रकाराचा इतिहास म्हणजे त्या रिकाम्या आसनावर कोणाला बसवावे, याचा शोध होय.

एक उत्तर गणिताचे होते. 1996 सालच्या 'डॅगरफॉल'मध्ये गावे, शहरे, भुयारे मिळून 15,000हून अधिक स्थळे आहेत. ती बहुतांशी गणिती नियमांनी रचली गेली. विस्तार हेच जर स्वातंत्र्य असेल, तर या खेळाइतका स्वतंत्र खेळ क्वचितच सापडेल. प्रत्यक्षात शंभरावे गाव दहाव्या गावासारखेच निघते आणि तेथे काहीही केले तरी पुढच्या गावाला त्याची गंधवार्ता नसते. 'डॅगरफॉल'चे चाहते आहेत व ते निष्ठावंत आहेत. परंतु त्यांचे प्रेम बहुधा या अफाटपणाच्या कल्पनेवर जडलेले आहे.

दुसरे उत्तर त्याच्या अकरा वर्षे आधीच दिले गेले होते, आणि ते अधिक मूलगामी होते. रिचर्ड गॅरियट याने 'अल्टिमा' मालिकेतील तिसरा खेळ 1983 साली स्वतःच्या 'ओरिजिन' या संस्थेतर्फे प्रसिद्ध केला, तेव्हा खेळणाऱ्यांची पत्रे प्रथमच थेट त्याच्या हाती पडू लागली. त्याच्या लक्षात आले की लोक दुकाने लुटतात, निरपराध गावकऱ्यांना मारतात आणि अखेरीस 'नायक' म्हणून गौरवले जातात. कारण खेळाला त्यांच्या विजयाखेरीज दुसरे काही दिसतच नव्हते. 1985 सालच्या 'अल्टिमा 4'मध्ये त्याने खलनायकच काढून टाकला. सत्य, प्रेम व धैर्य या तीन तत्त्वांच्या संयोगातून आठ सद्गुण त्याने सिद्ध केले. तिन्ही तत्त्वे एकवटली की आध्यात्मिकता. एकही नसले की जो उरतो तो विनय. (आठव्या जागेची ही गणिती गरज एका तात्त्विक अंतर्दृष्टीत परिणत झाली, हा सुदैवी योगायोग म्हणावा काय?) खेळाच्या आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री खेळणाऱ्याला पेच घालते. प्रत्येक पेचात दोन सद्गुण परस्परांविरुद्ध उभे असतात. चूक उत्तर नसतेच. या उत्तरांवरून त्याची भूमिका ठरते.

या खेळातील एक प्रसंग अभ्यासकांनी आवर्जून पाहावा असा आहे. मंत्रांसाठी लागणारी द्रव्ये विकणारी विक्रेती अंध आहे. ती किंमत सांगते आणि किती नाणी द्यावयाची ते खेळणाऱ्याने स्वतः टंकित करावयाचे असते. कमी दिली तरी व्यवहार पूर्ण होतो. कोणी हटकत नाही, पहारेकरी धावून येत नाही. मात्र यंत्राच्या पोटात प्रामाणिकपणाचा अंक गुपचूप खाली येतो. हे अंक खेळणाऱ्याला कधीच दाखवले जात नाहीत. राजवाड्यातील एका द्रष्ट्याला विचारले, तर तो मोघम शब्दांत प्रगती सांगतो इतकेच. हरवलेल्या सूत्रधाराच्या जागी येथे एक मूक हिशेबनीस बसवला गेला. आपले कोणी पाहत नाही असे वाटत असतानाच्या कृतीची नोंद हा खेळ ठेवतो, आणि बरेच पुढे गेल्यावर ती नोंद खेळणाऱ्याची वाट अडवते.

मराठी वाचकाला येथे परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप आहेत. पण तेथे चढणे-उतरणे दानावर अवलंबून असते. खेळणारा लोभाच्या सापावर येतो तो त्याने लोभ केला म्हणून नव्हे. 'अल्टिमा 4'मध्ये दान नाही, आचरण आहे. दुसरा दुवा शब्दाचा. खेळाचे उपशीर्षक 'अवताराचा शोध' अशा अर्थाचे असून 'अवतार' हा शब्द गॅरियटने भारतीय परंपरेतूनच घेतला, परंतु त्याची दिशा उलटी केली. आपल्याकडे ईश्वर खाली उतरतो. येथे सामान्य माणूस आचरणाने वर चढून अवतार होतो. पुढे हाच शब्द संगणकाच्या पडद्यावरील आपल्या प्रतिनिधीसाठी रूढ झाला. त्यातली नैतिक चढण गळून पडली, केवळ रूप उरले.

1997 सालच्या 'फॉलआउट'ने तिसरी वाट घेतली. अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात भूमिगत वस्तीतून बाहेर पडलेल्या नायकाला जलशुद्धीकरणाचा एक भाग 150 दिवसांत शोधून आणावयाचा असतो. मुदतीचे हे बंधन खुलेपणाच्या विरुद्ध आहे, अशी तक्रार तेव्हा झाली आणि आजही होते. वस्तुतः भटकंतीला किंमत येते ती या बंधनामुळेच. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य संवादांत आहे. खेळणाऱ्याने आपल्या पात्राची बुद्धी फारच कमी ठेवली, तर त्याला धड बोलता येत नाही. बहुतेक संवाद तुटक हुंकारांवर संपतात आणि जगाचा मोठा भाग त्याला बंद होतो. निवड केली ती शब्दशः भाषेत उतरते. उलट, जो पुरेसा वाक्पटू आहे व ज्याने योग्य पुरावा मिळवला आहे, तो अखेरच्या प्रतिपक्ष्याला शस्त्र न उचलता हरवू शकतो. मानवजातीचे रूपांतर करून एकसंध नवी प्रजा घडवू पाहणाऱ्या त्या 'मास्टर'ला, तुझी ही प्रजा वंध्य आहे, एवढे सिद्ध करून दाखवावयाचे असते. स्वतःच्या तत्त्वज्ञानाची व्यर्थता उमगून तो स्वतःलाच नष्ट करतो. नायक घरी परततो तेव्हा वस्तीचा प्रमुख त्याला आत घेत नाही. बाहेरच्या जगाने तो बदलला आहे, हे कारण. स्वातंत्र्याची इतकी कडवट परिणती लोकप्रिय कथाप्रकारात सहसा आढळत नाही.

2002 सालच्या 'मॉरोविंड'मध्ये सूत्रधाराच्या जागी ग्रंथालय येते. त्या बेटावर शेकडो पुस्तके विखुरलेली असून ती प्रत्यक्ष वाचता येतात, आणि ती परस्परांना खोटे पाडतात. प्राचीन सेनानी नेरेवार कसा मेला? मंदिराचे पुरोहित एक सांगतात, भटक्या टोळ्या दुसरे, आणि ज्याच्यावर त्याच्या खुनाचा संशय आहे तो जिवंत देव तिसरेच. खेळ निकाल देत नाही. खेळणारा हा त्या सेनानीचा पुनर्जन्म आहे की राजकीय सोयीसाठी पुढे केलेला कैदी आहे, हेही अनिश्चित राहते. भविष्यवाणी पूर्ण करणारा तोच तिचा नायक ठरतो, आणि तसा दावा करून आधी अपयशी ठरलेल्यांची प्रेते एका गुहेत भेटतात. इतिहासकाराला साधनांशी जो व्यवहार करावा लागतो, तोच येथे खेळणाऱ्याला करावा लागतो. वाटसुद्धा शब्दांतूनच शोधावी लागते : पूल ओलांडून डावीकडे, अमुक खडकाशी उत्तरेला. सांगणारा कधी कधी चुकतोही.

याच खेळात कथानकाला आवश्यक असलेले पात्र मारता येते. मारल्यावर एक सूचना उमटते की भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, मागे फिरा किंवा या विनाशोन्मुख जगात राहा. खेळ थांबत नाही. 2006 सालच्या पुढील खेळात, 'ऑब्लिव्हियन'मध्ये, अशी पात्रे केवळ मूर्च्छित होतात व पुन्हा उठतात. दिशादर्शक खूण नेमके ठिकाण दाखवते. तो खेळ अधिक सुबक आहे, अधिक खपलाही. परंतु कथा मोडण्याचा अधिकार काढून घेतला गेला, आणि त्याबरोबर ती न मोडण्याच्या निर्णयाचा अर्थही गेला.

'डॅगरफॉल'चे एक ऋण मात्र येथे मान्य केले पाहिजे. त्याचे अनेक परस्परविरोधी शेवट होते. मालिका पुढे नेताना त्यांतला कोणता खरा मानावा, हा प्रश्न निर्मात्यांपुढे उभा राहिला. पुढील खेळांतील ग्रंथांनी असे सांगितले की त्या काळात कालप्रवाहच भंगला आणि ते सारे शेवट एकाच वेळी घडले. बोर्हेसने 1941 सालच्या आपल्या दुभंगणाऱ्या वाटांच्या कथेत ज्याची कल्पना केली होती, ते येथे एका व्यावहारिक अडचणीतून अवतरले. कोणाही खेळणाऱ्याचा इतिहास खोटा ठरवला गेला नाही.

संहितेचा हा अनेकपणा केवळ कथेत राहिलेला नाही. 'ओरिजिन' ही संस्था 2004 साली बंद झाली. 1992 सालचा 'अल्टिमा 7' आज खेळता येतो तो बऱ्याच अंशी 'एक्झल्ट' या नावाने स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेल्या चालक-प्रणालीमुळे. 'मॉरोविंड' व 'डॅगरफॉल' यांच्याही अशा पुनर्रचना झाल्या आहेत. हस्तलिखितांच्या परंपरेत वाचक हाच लिपिकार असे, आणि नक्कल करताना तो पाठ दुरुस्त करी, भर घाली. येथेही तेच घडते. 1998 सालच्या 'फॉलआउट 2'मधून निर्मात्यांनी गाळलेली स्थळे चाहत्यांनी पुन्हा बसवली आहेत. 'मॉरोविंड'च्या बेटापलीकडचा, केवळ नकाशावर असलेला मुख्य भूप्रदेश 'टॅमरिएल रीबिल्ट' या प्रकल्पातील लोक दोन दशकांहून अधिक काळ रचत आले आहेत. त्यामुळे पाठचिकित्सेचे जुने प्रश्न नव्या रूपात उभे राहतात. 'फॉलआउट'मधील जंक्टाउन या वस्तीचा शेवट आधी असा योजला होता, की कायद्याचा पुरस्कर्ता प्रमुख विजयी झाल्यास वस्ती जुलमाखाली जाते आणि जुगारअड्ड्याचा मालक टिकल्यास ती भरभराटते. प्रसिद्धीपूर्वी तो उलटा करण्यात आला. ज्यांच्या हाती 1997 सालची प्रत आहे त्यांना चांगल्याचे चांगले झालेले दिसते. ज्यांनी मूळ योजना वाचली आहे, ते त्याच निवडीपाशी थबकतात.