शिक्षण परिषद

केंद्रातील प्राथमिक शाळांच्या शिक्षकांची, केंद्रप्रमुखाने भरवलेली शैक्षणिक बैठक. महाराष्ट्रात 1994 मध्ये केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, बीटचा विस्तार अधिकारी आणि तालुक्याचा गटशिक्षणाधिकारी ही जिल्हा परिषद शाळांची प्रशासकीय साखळी.

परिषदेत आदर्श पाठ होतो, परिपत्रके वाचली जातात, माहितीचे तक्ते भरून घेतले जातात. तक्त्यांनीच दिवस खाल्ला तर तिचे मूळ काम राहून जाते. ते काम म्हणजे ‘मुलाला वाचता येते’ असे कधी म्हणायचे, हे सर्वांनी मिळून ठरवणे. कोणी अक्षरओळखीवर समाधान मानतो, कोणी जोडाक्षरांसह न अडखळता वाचन मागतो, कोणी वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो. पहिलीत ‘प्रगत’ ठरलेले मूल मग तिसरीत मागे पडलेले दिसते. शिवाय जिल्हा परिषदेचे शिक्षक बदलून जातात. समजूत एकट्या गुरुजींपाशी असेल तर तीही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून एकाच मुलाचे वाचन सर्वांनी ऐकावे, आपापला निर्णय आधी लिहावा आणि मग मतभेदावर बोलावे. वेळ जातो, पण एकमत असेच घडते.

राज्यातील ठळक उदाहरण सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तेथील शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर राज्यभरातून शिक्षक कुमठ्याला जाऊ लागले. परतल्यावर अनेक शाळांनी तिथल्यासारख्या वर्गातील फरशा रंगवल्या. रंग महिनाभरात देता येतो. तो का दिला यावरची चर्चा मात्र प्रत्येक केंद्राला नव्याने करावी लागते, आणि तीच बहुतेक ठिकाणी झाली नाही.

त्याच जिल्ह्यातील फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने वेगळी वाट घेतली. संस्थेची शाळा, कमला निंबकर बालभवन, 1986 पासूनची. त्यांच्या पद्धतीत वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून अक्षरे अशा गटांत शिकवतात, की मुलाला लगेच अर्थपूर्ण शब्द वाचता यावेत. वाचन अर्थासाठीच असते, ही धारणा तेथे अक्षरांच्या निवडीतच उतरली आहे.

धारणा अशी सर्वांची असणे किती महत्त्वाचे, हे परदेशातही दिसते. कॅनडातील यॉर्क रीजनच्या शाळांवरून लिन शॅरॅट आणि मायकेल फुलन यांनी सुधारणेची जी सूत्रे मांडली, त्यांत पहिले स्थान सामायिक धारणांना आहे. पुरेसा वेळ आणि योग्य आधार मिळाल्यास प्रत्येक मूल शिकू शकते, ही त्यांपैकी एक.

भारतात 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ने 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले. 2021 मध्ये महापालिकेत आलेल्या, पुण्यालगतच्या मांजरी बुद्रुकसारख्या झपाट्याने वाढलेल्या उपनगरात यातला ‘समजून’ हा शब्द कसाला लागतो. घरी मराठवाडी बोली किंवा हिंदी बोलणारे मूल धडा वाचून त्याचा आशय घरच्या बोलीत नीट सांगते, तेव्हा ते वाचन पूर्ण धरायचे की नाही? धरायलाच हवे. पण हे सर्व वर्गांत सारखेच धरले जावे, यासाठी मुख्याध्यापकांनी ते परिषदेत उघडपणे ठरवून घ्यावे लागते.